दुसरी सिस्टिम, मंजूर

२००८ साल, दिवाळी संपल्यानंतरचा रविवार, सकाळ. स्थळ: शाहूपुरीतलं आमचं लग्नपत्रिकांचं दुकान. हजर: मी, दुकान चालवणारी. माझे यजमान, दुकानाचे मालक. धाकटे दीर, बिद्रीकडच्या एका लहान गावातल्या दूध संस्थेचे संचालक. संगणकाशी संबंध, काही नाही. आम्हाला लॅपटॉप विकणारा दुकानदार. आणि नेसरीचे एक पावणे, मुलीची पत्रिका छापायला आलेले. त्यांना बैठकीला कुणी बोलावलं नव्हतं, पण खुर्ची रिकामी होती.

विषय एकच होता. आमच्या पत्रिका एका जुन्या मराठी सॉफ्टवेअरवर व्हायच्या, आणि ते सॉफ्टवेअर फक्त जुन्या संगणकाच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालायचं. हा संगणक सुरू होताना खडखडायचा आणि दुपारी तापून स्वतःच्या मर्जीनं बंद पडायचा. तुळशीची लग्नं लागली की पत्रिकांची रांग लागते. ऐन सराईत तो कायमचा बसला असता तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं असतं, आणि एकदा गेलेलं गिऱ्हाईक पुढच्या मुलीच्या लग्नालाही तिकडंच जातं. म्हणून यजमानांनी लॅपटॉप आणला. पूर्ण विचार करून आणला, म्हणजे रंग बघून. त्यातल्या नव्या सिस्टिमनं आमच्या सॉफ्टवेअरला ओळखच दाखवली नाही.

तेव्हा लॅपटॉपवर जुनी सिस्टिमही घालायची, हे ठरलं होतं. कशी घालायची, हे ठरायचं होतं. मी तीन मार्ग कागदावर मांडून नेले. पहिला, डिस्कचे दोन भाग करायचे आणि सुरू करताना कुठली सिस्टिम हवी ते सांगायचं. उरलेल्या दोन्हींत एक सॉफ्टवेअर घालायचं; त्यानं लॅपटॉपच्या पोटात एक खोटा संगणक तयार होतो आणि जुनी सिस्टिम त्यात, पडद्यावरच्या एका चौकटीत चालते. असं सॉफ्टवेअर एक विकतचं होतं, एक फुकटचं. माझी सूचना साधी होती: तिन्ही चालवून बघू, एकेक पत्रिका छापू, मग ठरवू.

ती कुणी ऐकली नाही, कारण बैठकीचा ताबा दिरांनी घेतला होता. आमच्या जिल्ह्यात संस्थेची वार्षिक सभा कशी होते ते ज्यानं पाहिलंय त्याला जास्त सांगायला नको. विषय वाचायला तोंड उघडायच्या आत मागून मंजूर, मंजूर सुरू होतं आणि लोक चहाला जातात. दिरांचं सगळं सार्वजनिक आयुष्य त्यात गेलेलं.

"डिस्कचे भाग नकोत," ते म्हणाले. "वाटण्या झाल्या की भांडणं आली."

"भावजी, ही शेती नाही."

"वैनी, वाटणी ती वाटणी. आता राहिली दोन. विकतचं घेतलं आणि बिघडलं तर जबाबदार कोण?"

दुकानदार लगेच म्हणाला, "मी न्हाय."

"मग फुकटचं घ्या. बिघडलं तर कुणाला बोलायला नको. मंजूर?"

"मंजूर," यजमान म्हणाले. भावाच्या कुठल्याही ठरावाला त्यांनी आजवर विरोध केलेला नाही.

"मंजूर," नेसरीचे पावणेही म्हणाले. आपण कशाला मंजुरी दिली हे त्यांनी नंतर मला हळूच विचारलं.

इथवर ठीक होतं. पण सभेत आयत्या वेळचा विषय असतोच. दिरांनी तो मांडला: जुना संगणक आता पडूनच राहणार, तर तो त्यांच्या दूध संस्थेला भेट द्यावा. "हे चालतं का ते आधी बघू," एवढं मी म्हणेपर्यंत तोही मंजूर झाला. माझ्या सगळ्या पत्रिका सीडीवर उतरवलेल्या होत्या, त्यामुळं मीही फार ताणलं नाही. संगणक, पडदा, वायरींचं भेंडोळं, सगळं जीपमध्ये चढलं आणि दुपारी बिद्रीच्या रस्त्याला लागलं.

फुकटच्या सॉफ्टवेअरनं, खरं सांगायचं तर, काहीच त्रास दिला नाही. खोटा संगणक तयार झाला. त्यात जुनी सिस्टिम सुरू झाली, आमचं सॉफ्टवेअरही चढलं. यजमान माझ्याकडं असं बघत होते जणू ते त्यांनीच लिहिलंय. मी पावण्यांच्या मुलीची पत्रिका करायला ते उघडायला गेले आणि पडद्यावर आलं: कुलूप सापडले नाही.

हे कुलूप म्हणजे बोटाएवढा प्लास्टिकचा तुकडा. सॉफ्टवेअरची कुणी नक्कल करू नये म्हणून कंपनी तो देते. संगणकाच्या मागच्या बाजूला, प्रिंटरची वायर जिथं जोडतात तिथं तो खोचलेला असला तरच सॉफ्टवेअर उघडतं. आमचा इतकी वर्षं भिंतीकडं तोंड करून तिथंच होता, आणि आता तिथंच खोचलेला बिद्रीकडं गेला होता. नुसता तो परत आणूनही उपयोग नव्हता, कारण लॅपटॉपला प्रिंटरची ती जागाच नव्हती. म्हणजे तिन्ही मार्गांनी हेच झालं असतं. सभेनं निदान त्यातला सर्वांत स्वस्त पराभव निवडला होता.

"अक्का," नेसरीचे पावणे म्हणाले, "माझ्या पोरीचं लगीन हाय. लॅपटॉपचं न्हवं. पत्रिका मिळणार हाय की न्हाय?"

मी दिरांना फोन लावला. संगणक परत पाठवा म्हटलं.

"आता कसा पाठवू, वैनी? नारळ फोडला. चेअरमननी हार घातला. ठराव लिहिलाय."

"मग दुसरा ठराव लिहा."

"भेट परत द्यायचा ठराव आजवर झालेला न्हाय. लोक काय म्हणतील?"

"लोक मंजूर म्हणतील. विषय वाचूच नका."

हे त्यांना पटलं. संगणक दुसऱ्या दिवशी हारासकट परत आला, पण भेट तशीच ठेवून. संस्थेनं तो आम्हाला तात्पुरता वापरायला दिला, पर्यायी सोय होताच परत करायच्या अटीवर. पंखा समोर लावून, दुपारी विश्रांती देत, मी त्यावर पावण्यांची पत्रिका केली. ते दोनदा मामांची नावं वाढवायला येऊन गेले. लग्न वेळेवर झालं. सराईही त्याच खडखडाटावर निघाली. लॅपटॉपवर यजमान पत्ते खेळतात, तेही नव्या सिस्टिमवरचे.

कंपनीला विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, जुनं कुलूप कुरिअरनं पाठवा, लॅपटॉपला बसणारं बदलून देऊ, दहा-बारा दिवस लागतील. तेवढे दिवस पत्रिका बंद. सराई संपली की वास्तुशांती येतात, मग गणपतीच्या पावतीपुस्तकांची घाई, मग कुठल्या ना कुठल्या निवडणुकीची पत्रकं, मग पुन्हा तुळशीची लग्नं. दिरांच्या संस्थेच्या वार्षिक सभेत आमचा संगणक दरवर्षी येणे बाकीमध्ये वाचला जातो आणि मंजूर होतो. माझ्या कामांच्या यादीत "कुलूप पाठवणे" आहे, त्याच्या खाली "संस्थेचा संगणक परत करणे". दोन्हींपुढं अजून खूण नाही.