काळाच्या डोक्यावर बाण

बाणबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते मुलांनी ठेवलेलं, आणि नाव ठेवताना मुलं सहसा चुकत नाहीत. बाई पदार्थविज्ञान शिकवायच्या. राशीला नुसतं मूल्य असेल, जसं वस्तुमान किंवा तापमान, तर ती अदिश. मूल्याबरोबर दिशाही असेल, जसं बल किंवा विस्थापन, तर ती सदिश, आणि सदिश असेल तर अक्षराच्या डोक्यावर बाण हवाच. बाई फळ्यावर तो बाण असा टोकदार ओढायच्या की पहिल्या बाकावरच्यांचे दात आंबायचे. जो बाण विसरला त्याचा अर्धा गुण गेला. बाकीचं उत्तर सोन्यासारखं असलं तरी बाई ऐकून घ्यायच्या नाहीत.

बाई कडक होत्या, पण कोरड्या नव्हत्या. सगळी माया त्यांनी घरी, एकुलत्या एका लेकीसाठी राखून ठेवली होती. लेक वाचायला लागली तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोघींची बैठक जमायची. एका टोकाला बाई भाजी चिरायच्या, दुसऱ्या टोकाला पोरगी प्रश्न विचारायची. पाणी उकळताना बुडबुडे तळातूनच का येतात, पंखा बंद केला तरी थोडा वेळ का फिरतो. वर्गातली मुलं ऐकतात ती गुणांसाठी, ही ऐकते ती माझ्यासाठी, असं बाई नवऱ्याला सांगायच्या. नवरा शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. तो म्हणायचा, मग मी काय नुसता पोसायला आहे वाटतं.

लेक वरच्या वर्गात आईच्याच शाळेत आली आणि तिथे माशी शिंकली. शिक्षकाचं मूल त्याच शिक्षकाच्या तुकडीत बसवायचं नाही, असा शाळेचा नियम. त्यामुळे ती दुसऱ्या तुकडीत गेली, आणि ती तुकडी होती नव्या सरांकडे.

नवे सर बाईंच्या निम्म्या वयाचे. खडू खिशात ठेवायची सवय, त्यामुळे खिसा कायम पांढरा. फळ्यावरची ओळ सरळ म्हणून जायची नाही. आणि एक खोड तर बाईंच्या मते भयंकरच होती. मुलांनी अडवलं की ते भर वर्गात सांगायचे, मला नीट माहीत नाही, आपण मिळून शोधू. दुकानदारानेच गिऱ्हाइकाला माझा तराजू बिघडलाय असं सांगावं, तसलाच हा प्रकार. पण मुलं त्यावरच लट्टू होती.

एका संध्याकाळी लेक टेबलाशी येऊन बसली आणि म्हणाली, "आई, काळ नेहमी पुढेच जातो. म्हणजे त्याला दिशा आहे. मग तो सदिश का नाही?"

बाई कांदा चिरत होत्या. वर न बघताच त्यांनी सांगितलं की काळ अदिश आहे, पहिल्याच धड्यात छापलंय.

"ते मला माहीत आहे गं. का, ते विचारतेय."

बाईंना चटकन उत्तर सुचेना. इतक्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं, किंवा ज्याने विचारलं असेल त्याला त्यांनी खाली बसवलं असेल. परीक्षेत एवढं खोलात विचारत नाहीत, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. लेक "बरं" म्हणाली आणि उठून गेली.

ते "बरं" बाईंना रात्रभर टोचत राहिलं. दुसऱ्या दिवशी मोकळ्या तासाला त्यांनी डोकं लढवलं आणि मुद्दा सापडला. नुसती दिशा असून भागत नाही. तारेतल्या विजेच्या धारेलाही दिशा असते, पण दोन तारा कोणत्याही कोनात जोडा, धारांची बेरीज साधी आकड्यांचीच होते, म्हणून धारा अदिश. सदिश ठरायला बेरीजही कोन धरून व्हावी लागते. घरी येऊन चप्पल काढता काढताच त्यांनी हे लेकीला ऐकवलं.

"हो ना," लेक म्हणाली, "सरांनी आज अगदी हेच सांगितलं."

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला.

त्यानंतर घरात सरांशिवाय दुसरा विषय राहिला नाही. सर असं म्हणाले, सर तसं म्हणाले. शाळा सुटल्यावर पाचसहा मुलं सरांपाशी थांबायची, त्यांत ही असायचीच. बाई घरी दोन कप चहा ठेवायच्या आणि एक निवून जायचा. सायकलची घंटा वाजली की त्या घाईने वर्तमानपत्र उघडून बसायच्या, म्हणजे आपण वाट पाहत नव्हतो असं दिसावं. पोरगी आत यायची, तोंड धुवायची आणि सरळ आपल्या खोलीत जायची. टेबलाचं ते टोक रिकामंच राहायचं.

"पोटात दुखतंय तुझ्या," नवरा म्हणाला. बाईंनी त्याला काही भलतंच बोलू नका म्हणून झापलं. पण दुखत होतं, आणि चांगलंच दुखत होतं. सर दिसायला बरे आहेत, हुशार आहेत, मुलांना आवडतात, हे सगळं त्यांनी एक वेळ गिळलं असतं. आपल्या पोरीने आपल्याला विचारायचा प्रश्न त्यांना विचारावा, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत सर समोर आले की त्यांचा तो पांढरा खिसासुद्धा बाईंच्या डोळ्यांत खुपायचा. एकदा तर त्या मुख्याध्यापकांपाशी बोलून गेल्या की नवे सर मुलांना काळ सदिश आहे असं शिकवतात. सर तसं कधीच म्हणाले नव्हते. त्यांनी फक्त प्रश्न फळ्यावर लिहून बरेच दिवस पुसला नव्हता. मुख्याध्यापक म्हणाले, परीक्षेत कळेलच.

परीक्षेचा पेपर काढायची पाळी बाईंची होती. त्यांनी शेवटचा प्रश्न घातला: काळ ही सदिश राशी आहे का? कारणे द्या. दिसायला साधा, पण रचला होता सरांसाठी. त्यांची मुलं भरकटणार, काहीतरी अघळपघळ लिहिणार, आणि मग सगळ्यांसमोर पितळ उघडं पडणार, असा बाईंचा हिशेब होता. त्या शाळेत ज्याने प्रश्न काढला त्यानेच तो सगळ्या तुकड्यांचा तपासायचा, आणि उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी नुसता क्रमांक असायचा. म्हणजे पक्षपाताला जागा नाही, असं सगळे मानत.

पण अक्षर क्रमांकाने कसं झाकणार? गठ्ठ्याच्या मध्यावर एक उत्तरपत्रिका आली आणि बाईंचा हात थांबला. खाली गेल्यावर शेपटी उडवणारं ते अक्षर त्यांनीच गिरवून घेतलं होतं. खरं तर पत्रिका बाजूला ठेवून दुसऱ्या कोणाकडे द्यायला हवी होती. बाईंनी ठेवली नाही. त्यांनी उत्तराकडे पाहिलं, आणि पहिल्याच ओळीत काळाचं अक्षर होतं, अन् त्याच्या डोक्यावर बाण. बाणबाईंच्या पोरीने काळावर बाण काढला होता.

त्यांचं डोकंच फिरलं. हेच शिकवतात का तिथे तासन् तास? त्यांनी लाल पेनाने बाणावर फुली मारली, समोर शून्य घातलं आणि पान उलटलं. मग जरा बरं वाटलं. आपलं मूल म्हणून सवलत दिली नाही, असं त्यांनी मनाशी म्हणूनही घेतलं.

पेपर परत मिळाले त्या दिवशी लेक घरी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत नवे सर ती उत्तरपत्रिका घेऊन बाईंच्या टेबलाशी आले. मुलीने तक्रार केलेली नाही, मीच आणलीय, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. मग हळूच म्हणाले, "बाई, एकदा पुढे वाचता का?"

बाईंनी चष्मा लावला. बाणाच्या आधी एक शब्द होता, तो त्यांनी पाहिलाच नव्हता. 'समजा'. समजा, काळ सदिश आहे. एक मुलगी सायकलवरून तासभर पूर्वेला गेली, मग वळून तासभर उत्तरेला गेली. अंतर सदिशासारखं मोजलं तर तिरपी रेघ मिळते, घरापासून ती तितकीच लांब. काळही तसाच तिरपा जोडला तर तिला घर सोडून दीड ताससुद्धा झाला नाही, असं उत्तर येईल. पण घरी तिची आई वाट पाहतेय, आणि आईच्या घड्याळात पूर्ण दोन तास झालेत. मुलगी कुठेही वळली तरी आईचं थांबणं कमी होत नाही. म्हणून सुरुवातीचं 'समजा' चूक, काळ अदिश. मागे आणि पुढे हे फक्त उणे आणि अधिक, तेवढ्यावर बाण मिळत नाही. खाली आणखी दोन ओळी होत्या. सापेक्षतेत काळ आणि अवकाशाच्या तीन दिशा मिळून चार घटकांचा सदिश होतो, पण तिथेही काळ हा त्यातला एक घटक असतो, तो एकटा सदिश नसतो.

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग नाइलाजाने म्हणाल्या, "उदाहरण चांगलं दिलंत तुम्ही."

"मी नाही दिलं," सर म्हणाले. "मी नदीतल्या नावेचं दिलं होतं. वर्गात बाकी सगळ्यांनी त्या नावेचंच लिहिलंय. हे तिचं तिनेच काढलं."

बाईंनी शून्य खोडून पूर्ण गुण दिले आणि शेजारी सही केली. सर तेवढा वेळ खिडकीकडे बघत होते.

संध्याकाळी लेक घरी आली तेव्हा बाईंनी वर्तमानपत्र उघडलं नाही. त्या दारातच उभ्या होत्या. पत्रिका पुन्हा तपासली, गुण दुरुस्त केले, असं त्यांनी सांगितलं, आणि अक्षर आपण ओळखलं होतं हेही सांगून टाकलं.

"मला वाटलंच होतं ओळखशील म्हणून," लेक म्हणाली. "प्रश्न तूच तपासणार हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून तर त्यात आई घातली. म्हटलं, घरी बोलायला जमत नाही, निदान पेपरात तरी तू माझं वाचशील."

लेकीने दप्तर खांद्यावरून उतरवलं.

"पहिल्याच ओळीला थांबलीस का?"

"हो," बाई म्हणाल्या.

लेकीने मान हलवली आणि दप्तर घेऊन आत गेली. बाई दारातच उभ्या राहिल्या. इतके दिवस त्यांच्याकडे राग धरायला नवे सर होते. आता तेही नव्हते.