मामा फिरून राहिले

सांगितलेलं काम तंतोतंत करणारा आणि न सांगितलेलं रतीभरही न करणारा माणूस अख्ख्या नागपुरात एकच झाला, आणि ते माझे थोरले मामा. एका लग्नात मामीनं बजावलं, "इथंच उभे राहा, मी आलीच." मामी गप्पांत रमली. मामा उभे होते ते नेमके नवरा-नवरीच्या खुर्च्यांमागे. त्या अल्बममधल्या प्रत्येक फोटोत दोन डोक्यांच्या मधे मामांचं गंभीर तोंड आहे.

ऐंशीच्या दशकात मला प्रोग्रामरच्या नोकरीसाठी इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. मी गणितात एम.एस्सी., अर्ध्या तोंडाएवढा चष्मा, कॉम्प्युटर पाहिलेला फक्त चित्रात. अक्कल मात्र ओसंडून वाहत होती. नोकरी मिळाली नाही तर उमरेडच्या स्थळाला होकार द्यायचा, असं बाबांनी ठरवून टाकलेलं. सरावाला यंत्र हवं होतं, आणि मामांइतकं हुकमी यंत्र आमच्या धंतोलीच्या वस्तीत दुसरं नव्हतं. रोज संध्याकाळी मी हुकूम सोडायची, मामा पाळायचे. एकदा म्हटलं, "मामा, टेबलाभोवती फिरा," आणि मी पुस्तकात बुडाले. मामी जेवायला हाका मारून थकली. मामा घामाघूम, पण फिरतायत. "थांबा ना आता!" मी ओरडले. मामा थांबले आणि म्हणाले, "पहिलेच सांगाले काय झालं होतं वं तुले?"

इंटरव्ह्यूत पुण्याच्या साहेबांनी एक प्रोग्राम पुढे सरकवला. "हा काय करतो?" बघितलं तर त्यात थांबायची सोयच नाही! घाबरले की माझी पुस्तकी भाषा पळून जायची. म्हटलं, "सर, हा फिरून राहिला." आमच्या नागपुरीत याचा अर्थ, अजून फिरतोच आहे.

"राहिला? म्हणजे शेवटी थांबला. चूक."

"नाही हो सर, फिरूनच राहिला!"

"तेच. राहिला."

उमरेड डोळ्यांसमोर आलं. मी उठले आणि पदर खोचून त्यांच्या टेबलाभोवती फिरू लागले. "अहो, बसा!" साहेब दचकले. मी फिरतच म्हटलं, "'बसा' नाही सर, 'थांबा' म्हणा. यात तेच लिहायचं राहून गेलं!" साहेब इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

नोकरी लागली. पेढे घेऊन धावत मामांकडे गेले. त्यांनी पेढा हातातच धरून ठेवला.

"म्हणजे आता तिथं खरं यंत्र असन."

"हो मामा, खोलीएवढं!"

"बरं झालं," म्हणाले. मग अगदी हळू, "मंग आता संध्याकाळी मी काय करू वं?"

मी हसत सुटले. बावीस-तेवीसचं वय, मला तो विनोद वाटला.