पीठ चोळून वाचलेला वीरगळ

माझे वडील फार मोठे इतिहाससंशोधक होते, असं लोहाऱ्यात कुणीही सांगेल. मी सांगणार नाही. शंभर एकरांचा मालक, आणि कुठंही जुना कोरीव दगड दिसला की तो आपल्या दारात आणून टाकायची खोड असलेला माणूस, एवढंच मी म्हणेन. दगडांना जागा हवी म्हणून त्यांनी म्हशी गोठ्याबाहेर काढल्या. आई तीन पावसाळे डोक्यावर पोतं घेऊन उघड्यावर धारा काढत होती. पाहुणे आले की त्याच गोठ्याला ते 'संग्रहालय' म्हणायचे आणि आईनं आत चहा न्यायचा.

दगडावरची अक्षरं वाचायची त्यांची एक रीत होती. दगड धुऊन वाळू द्यायचा, मग ज्वारीचं पीठ तळहातानं चोळायचं. पीठ खाचेत बसतं आणि अक्षर उठून दिसतं. भावाला पिठानं शिंका यायच्या, म्हणून ते काम माझं. त्यातून जुनी अक्षरं मलाही लागायला लागली. हे त्यांच्या कधी लक्षात आलं नाही. मुलगी काय वाचणार!

मी बारावीत असताना आमच्या बांधावरून एक वीरगळ आला, म्हणजे लढताना मेलेल्या माणसाच्या नावानं उभा केलेला दगड. गाडीत घालून आणला आमच्या सालगड्यानं. ते बौद्ध वस्तीतले; गावची वेस राखायचं काम पिढ्यान् पिढ्या त्यांच्याच घरात होतं. मी पीठ चोळलं. गावची गुरं सोडवताना गावचा वेसकर पडला, असं त्यावर स्वच्छ लिहिलं होतं.

वडिलांनी दोनदा वाचलं. सालगडी टोपी हातात घेऊन उभे होते.

"काय लिवलंय, मालक?"

"झिजलंय. काही लागत नाही," वडील म्हणाले आणि स्वतःच्या उपरण्यानं पीठ पुसून टाकलं.

त्यांच्या पुस्तकात तो दगड छापून आला तो 'आमच्या मूळ पुरुषाचा वीरगळ, अक्षरे झिजलेली' म्हणून. शेजारी फेटा बांधून स्वतः उभे. ज्याला आयुष्यभर खरं-खोटं पारखायची घमेंड होती, त्यानं असं धडधडीत खोटं छापावं! मला त्या फोटोचा अजून संताप येतो.

यंदा भाऊ ते पुस्तक पुन्हा छापतोय. प्रस्तावना लिही म्हणाला. दगडावर आहे तेच लिहीन, असं मी सांगितलं.

"मेलेल्या बापाची अब्रू काढतीस व्हय?" तो ओरडला. "कोण इचारतंय आता?"

मी तडक उठले आणि त्या सालगड्यांच्या घरी गेले. ते आता ऐंशीच्या पुढं आहेत, बाजेवर बसून होते. मी त्यांना दगडावरचं सगळं शब्दन् शब्द सांगितलं. मोठं काही देते आहे, असंच मला वाटत होतं.

"ठावं हाय," ते म्हणाले. "माज्या आजानं दावून ठिवलता त्यो दगूड. म्याच मालकाला बांधावर नेलतं. म्हनलं, शिकलेला मानूस हाय, कागदावर घेईल."

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"तवा तुमी बी तिथंच हुता की, ताई."