पांढऱ्या गायी गाभडू लागल्या तेव्हा

लग्न होऊन मी कतारला गेले ती थेट गोठ्यावर. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. नवरा पशुवैद्य. दोह्याच्या उत्तरेला एका श्रीमंत अरबाचं शेत होतं आणि तिथे मांसासाठी गायी वाढवायच्या होत्या. सासूबाईंना आम्ही 'दुधाचा गोठा' एवढंच सांगितलं होतं.

गायी दोन तऱ्हेच्या होत्या. साहिवाल रक्ताच्या लाल, बेताच्या अंगाच्या. आणि फ्रान्सच्या वळूंपासून झालेल्या पांढऱ्या, थोराड. कोणती लवकर गाभण राहते, कोणती वासरू नीट वाढवते, कोणती अंगानं भरते, हे पडताळून मालकाला सांगायचं हे यांचं काम. जेवतानाही तोच विषय. पांढरीचं वासरू दांडगं व्हायचं, पण उन्हाळ्यात ती माजावरच येत नसे. लाल गाय वेळेवर व्यायची, वासराला चाटूनपुसून उभं करायची, परक्याला जवळ येऊ द्यायची नाही.

"मला विचारशील तर लाल," हे म्हणत.

मालकाचा जीव मात्र पांढऱ्यांवर. तो आला की त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "इसको बोलते हैं गाय!"

त्याच सुमारास मला दिवस गेले. दोह्यात कुणाकडे हळदीकुंकवाला गेले की बायका मला न्याहाळून म्हणायच्या, "किती बारीक गं तू! झेपेल ना?" मी हसून वेळ मारून न्यायची.

मग बाहेरून आणखी पांढऱ्या कालवडी आल्या, गाभण असलेल्या. यांनी मालकाला विनवलं, "काही दिवस वेगळ्या ठेवू. रक्त तपासून मग आत घेऊ."

"जगह किधर है, डॉक्टर? कुछ नहीं होगा, इन्शाल्ला."

कालवडी जुन्या गायींत मिसळल्या.

एका सकाळी मी कपडे वाळत घालत होते. कुंपणापाशी सुदानी गुराखी खड्डा खणत होता, शेजारी पोत्याखाली काहीतरी झाकलेलं. मला पाहताच तो पोतं दिसू नये असा मध्ये उभा राहिला. "भाभी, अंदर जाओ," म्हणाला. एरवी तो माझ्याशी बोलायचाही नाही.

हे घरी आले ते कोपरापर्यंत हात घासत राहिले.

"काय झालं?"

"एक गाभडली, वासरू अपुऱ्या दिवसांचं पडलं. उन्हानं होतं कधी कधी."

त्यानंतर दुसरी गाभडली. तिची वार आतच अडकली होती, रबरी हातमोजे संपलेले. यांनी उघड्या हातानं ती ओढून काढली. कुंपणाजवळची माती रोज नव्यानं उकरलेली दिसू लागली. रानची कुत्री दिवसाढवळ्या तिथे घोटाळायची, हाकललं तरी लांब जायची नाहीत. वाऱ्याबरोबर तो वास घरात येई. मी खिडक्या लावून आत बसे, आणि पोटातली हालचाल जरा थांबली की माझा श्वासही थांबे.

मग एक लाल गाय गाभडली, चार वेतं सुखरूप झालेली. त्या दुपारी हे जेवले नाहीत.

"आता उन्हाचं नाव घेता येत नाही," ते म्हणाले. "हा रोग आहे, माणसालाही लागतो. दूध खळखळून उकळल्याशिवाय चहातही घालू नकोस. आणि गोठ्याकडे फिरकायचं नाही. शपथ आहे माझी."

गायींचं रक्त तपासायला गेलं, पाठोपाठ आमचंही. माझं रक्त स्वच्छ निघालं. यांचं नाही. त्याआधीच यांना संध्याकाळ झाली की ताप भरू लागला होता. भर उन्हाळ्यात घोंगडी ओढून दात वाजवत पडून राहायचे.

गायींमध्ये रोग दोन्ही रंगांत पसरला होता. कत्तलखान्याचे ट्रक आले. लाल, पांढऱ्या, सगळ्या एकाच फळीवरून चढवल्या. मालक गाडीतून उतरलासुद्धा नाही. काच खाली करून यांना म्हणाला, "खलास, डॉक्टर." कोणती गाय चांगली, हे त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही.

आम्ही दोह्यात राहायला आलो. यांना इस्पितळात बरेच दिवस ठेवलं. मुलगी त्याच इस्पितळात झाली तेव्हा ते तिथेच होते, दुसऱ्या मजल्यावर. नर्सनं तिला त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत नेलं, मागोमाग मी. ती धडधाकट होती, रडत होती. यांनी हात पुढे केले, मग मागे घेतले.

"धरा की," मी म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, माणसाकडून माणसाला लागत नाही तो."

"मला ठाऊक आहे," हे म्हणाले, आणि हात पांघरुणाखाली घातले.