तिजेची भरती

आई गेली, होडी विकली आणि बाबाला मी डोंबिवलीला आणला. आमच्या कोळ्यांत बापाला अरे-तुरेच करतात, त्यात कमीपणा कुणाला वाटत नाही. अख्खा जन्म वसईच्या किनाऱ्यावर मासे मारलेला माणूस, आता तिसऱ्या मजल्यावर खिडकीशी बसून राहायचा. जेव म्हटलं की जेवायचा, झोप म्हटलं की झोपायचा. चार महिने हेच. माझा जीव तुटायचा आणि डोकंही फिरायचं. अरे, भांड तरी माझ्याशी!

शेवटी ठरवलं, याला गळ टाकायला न्यायचा. माणसांत आणलं नाही तर हा असाच संपेल, अशी भीती बसली होती मनात. पण नेणार कुठे? शहाडला नदीवर जाऊन आलो. तिथे धुणी, म्हशी आणि पाण्याला औषधासारखा वास. रेतीबंदरावर दिवसभर आरडाओरडा. मग एका रविवारी खाडीकाठच्या मोठागावच्या पुढे खाजणाच्या दलदलीतल्या बांधावरून तासभर चालत गेलो आणि जागा सापडली. बांधावरून उतरून एक ओहोळ ओलांडायचा, की तिवरांच्या झाडीत मातीचा उंचवटा आणि पुढे खाडीचं खोल पाणी. माणूस नाही, आवाज नाही. म्हटलं, जिताड्यासारखा मोठा मासा मिळाला तर इथेच मिळणार.

पुढच्या रविवारी सकाळी मी जागा सांगितली, तर बाबाने भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, अंगठ्याने बोटांची पेरं मोजली आणि कित्येक दिवसांनी आपणहून बोलला.

"आज तीज. सव्वादोनला पानी भरल, मंग उतरल. आपन अडीचला ओहोळात जाव."

तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, तिजेची सव्वादोन, हा आमच्या गावचा हिशेब. तो चुकलेला मी कधी बघितला नव्हता. मला तर आनंदच झाला. बायकोला म्हटलं, "अगं, ऐकलंस का? बोलला!"

अडीचला आम्ही ओहोळ ओलांडला तेव्हा पाणी गुडघ्याला होतं. बाबाने कोळंबी लावून गळ टाकला आणि पाठ ताठ करून बसला. त्याचा चेहरा बघून बरं वाटलं मला. थोड्या वेळाने मी काढून ठेवलेली चप्पल तरंगायला लागली.

"बाबा, पाणी चढतंय."

"उतरतंय. गप बस."

मी एक काटकी पाण्याच्या कडेला रोवली. बघता बघता ती बुडाली. दुसरी रोवली, तीही गेली. एक चिंबोरी खेकडी आमच्या बाजूने वर सरकत आली. बाबाने पेरं मोजली, परत मोजली. तिसऱ्यांदा मोजताना मधल्या पेरावरच थांबला. तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं. मी ओहोळाकडे धावलो. उतरलो तर पाणी छातीला, आणि खालच्या चिखलात पाय रुतायला लागले. कसाबसा मागे आलो. मला पोहता येत नव्हतं. गावातल्या पोरांत मी एकटाच तसला. बाबाला यायचं, पण मागे कंबर मोडल्यापासून तो काठीच्या आधाराने चालायचा, पाण्यात पाय मारणं त्याला जमणारं नव्हतं.

"तुला काही कळत नाही!" मी ओरडलो. "कशाला ऐकलं मी तुझं? मरू आता दोघंही!"

जन्मात पहिल्यांदा मी त्याच्यावर असा ओरडलो. एका जाड तिवराला त्याने मिठी मारली आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं. पाणी मांड्यांपर्यंत आलं, मग कमरेपर्यंत. किती वेळ गेला कोण जाणे. पावणेचारच्या सुमाराला बाबाच्या शर्टाची ओली कड पाण्याच्या वर दिसायला लागली. तरी ओहोळ उतरण्याजोगा होईपर्यंत ऊन कलंडलं. बांधावर चढलो तरी त्याने माझं मनगट सोडलं नव्हतं. त्याच्या बोटांचे वळ उठले होते.

घरी बायको घाबरून म्हणाली, "अहो, हे काय? कुणी शोधली ही जागा?"

"मीच. माझीच चूक झाली," मी म्हटलं. बाबा भिंतीकडे तोंड करून झोपला. परत मुका झाला, मीच केला, या विचाराने मला रात्रभर झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तर घरात बाबा नव्हता. शोधायला जायला चप्पल घातली. इतक्यात काठी टेकत, धापा टाकत जिना चढून आला. पायांना चिखल, मनगटावर माझं जुनं घड्याळ. कॅलेंडरवर त्याने पेन्सिलीने एक वेळ लिहिली. मग रोज जायला लागला, एकटाच, मोठागावच्या धक्क्यावर. पंधरा दिवसांत सगळं कॅलेंडर आकड्यांनी भरलं.

शनिवारी जेवताना म्हणाला, "आपला हिशेब वसईचा, खाडीच्या तोंडाचा. हिथं वर यायला पान्याला दीड तास लागतं. मना ठाव नव्हतं."

मी त्याच्या ताटात भात वाढला.

"उद्या जाव," तो म्हणाला. "जागा तू शोध. पानी मी बगतो."