महेबूबभाईंनी दारात पोचवलेला ट्रॅक्टर

महेबूबभाई वडीगोद्रीचे. सत्तावीस वर्षं ट्रक चालवतात, आणि या सत्तावीस वर्षांत त्यांनी कुणाचा माल अर्ध्या वाटेत उतरवला असं कुणी दाखवून द्यावं, मी माझी पिठाची गिरणी त्याच्या नावावर करून देतो. हे मी कौतुकानं सांगतोय असं समजू नका. त्यांच्या या खोडीपायी यंदा पोळ्याला माझा नवाकोरा पांढरा शर्ट कायमचा कामातून गेला.

माणूस तसा लाखात एक. ऊस ओढला, मोसंबी ओढली, जालन्याच्या सळया ओढल्या, आता ट्रॅक्टरच्या शोरूमचे नवे ट्रॅक्टर गावोगाव पोचवतात. ट्रकही त्यांच्यासारखाच जुना, पुढं लांब नाक असलेला. पण एक नियम डोक्यात असा पक्का बसलाय की तो काढायला पहार लागेल. माल दारात म्हणजे दारात. वेशीत नाही, चौकात नाही, "इथून पुढं आम्ही नेतो" हे तर कानावरसुद्धा घ्यायचं नाही. एकदा मंठ्याला लग्नघरी कपाट द्यायचं होतं आणि बोळ अरुंद. दीड तास मागंपुढं करत यांनी ट्रक आत घातला, आणि बाहेर काढताना एका भल्या माणसाची पायरी उडवली. दुसऱ्या दिवशी स्वतः सिमेंट नेऊन ती पायरी बांधूनही दिली, पण कपाट दारातच दिलं. स्वतःच्या घरी गेले तरी तीच तऱ्हा. दारासमोर गाडी लावून हॉर्न वाजवत बसतात, आणि गौहरभाभी दारात येऊन "मिल गया" म्हणेपर्यंत खाली उतरत नाहीत. गौहरभाभी म्हणतात, हा माल मी इतक्या वर्षांत परत कसा केला नाही याचं मलाच नवल वाटतं.

तर आमच्या गावचा पुंजाराम. कुंभार पिंपळगावच्या अलीकडं आमचं गाव, आणि गावापासून अर्ध्या किलोमीटरवर शेतात त्याचं पत्र्याचं घर. मणक्यानं दगा दिला म्हणून त्यानं चैत्रात लाडक्या हौशासकट बैलजोडी विकली. बायको उषाबाई तेव्हा एक शब्द बोलली नाही. पावसाळा लागल्यावर मात्र तिनं शांतपणे सांगून टाकलं, की पोळ्याला माझ्या दारात काहीतरी उभं राहिलं पाहिजे. दार मोकळं राहिलं तर या घरात पुन्हा पुरण शिजणार नाही, या वर्षी नाही आणि पुढंही नाही. पुंजारामला पुरणपोळी जिवापाड आवडते हे सोडा, पण बायको असं बोलते तेव्हा ती पुरणाबद्दल बोलत नसते, एवढं त्यालाही कळतं. त्यानं ट्रॅक्टर घेतला. तो शोरूममधून पोळ्याच्या आदल्या दिवशी ट्रकवर चढला.

आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे मळतात. गावभर हळद आणि लोणी चाललेलं, आणि उषाबाई वाटी घेऊन रिकाम्या गोठ्यात उभी. मग तिनं महेबूबभाईंना फोन लावला आणि सांगितलं, फोन जरा ट्रॅक्टरच्या कानाला लावा. महेबूबभाईंनी विचारलं, कोणत्या कानाला. ती म्हणाली, जो जवळ असेल त्या. त्यांनी निमूट फोन बॉनेटला लावला, आणि बैलांना देतात तसं तिनं त्या लोखंडाला आवतन दिलं, की उद्या जेवायला या. जालन्याच्या शोरूममधली दोन पोरं हसून हसून खाली बसली म्हणे. महेबूबभाई हसले नाहीत. फोन परत स्वतःच्या कानाला लावून ते म्हणाले, "वैनी, उद्या दिवस मावळायच्या आत तुमच्या दारात उभा करतो. जबान हाय माझी."

पोळ्याला सकाळी दहाच्या सुमारास ट्रक गावात आला. तीन दिवस पाऊस लागून राहिलेला. आमच्या गोदामाजवळ माल उतरवायचा धक्का आहे. शहाण्या माणसानं ट्रक तिथं लावला असता, ट्रॅक्टर उतरवला असता आणि पुंजाराम तो बांधाबांधानं घरी घेऊन गेला असता. मी गिरणीतून बाहेर येऊन हेच सांगितलं. महेबूबभाई म्हणाले, दारात बोललोय. आणि त्यांनी ट्रक पाणंदीत घातला.

काळ्या मातीचं ज्याला माहीत नाही त्याला सांगून कळायचं नाही. पुंजारामचं घर समोर दिसत असताना, जेमतेम दोनशे पावलांवर, ट्रकची मागची चाकं फिरायला लागली आणि ट्रक जागच्या जागी खाली जायला लागला. आम्ही चाकांखाली कापसाच्या पऱ्हाट्या टाकल्या, त्या गेल्या. दगड टाकले, तेही गेले. बारदान टाकलं, ते चाकाला गुंडाळून गोल फिरलं आणि त्यातला अर्धा चिखल माझ्या शर्टावर आला. मग महेबूबभाईंनी फळीवर जॅक लावला. जॅक वर होत गेला तरी ट्रक काही हलेना, फळीच जॅकला घेऊन खाली निघाली. शेवटी जॅक दिसेनासा झाला, आणि तासभर आम्ही ट्रक सोडून जॅक शोधत होतो. तो सापडला नाही. सापडलं एक जुनं खुरपं, ते पुंजारामनं दोन वर्षांपासून हरवल्याचं सांगितलं आणि आनंदानं घरी नेऊन ठेवलं.

ओढून काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पण ओढणार कोण? गावात चार बैलजोड्या, चारही रंगवून मारुतीपुढं उभ्या. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नसतं, ते कुणी मागितलंही नाही. राधेश्यामकडं मात्र ट्रॅक्टर होता. मी आणि महेबूबभाई त्याच्याकडं गेलो. पाहतो तर ट्रॅक्टरवर झूल, दिव्यांना बेगड, पुढं नारळ. राधेश्यामकडंही आता बैल नाहीत, म्हणून तो ट्रॅक्टरचा पोळा करतो, आणि करतो तर सगळा रीतसर करतो. आज तो कामाला लावायचा नाही, असं त्यानं सांगितलं.

महेबूबभाईंनी फार अदबीनं विचारलं, की जू ठेवायला याला खांदा कुठं आहे.

"काल मळायला घेतला तवा सापडला की," राधेश्याम म्हणाला.

महेबूबभाईंनी दुसरा उपाय काढला. ट्रकच्या मागं लागूनच उंच बांध होता. नवा ट्रॅक्टर त्या बांधावर उतरवायचा आणि त्यालाच ट्रक ओढायला लावायचा. ओढणारा गडी आपल्याच पाठीवर बसलाय, मग गावभर कशाला हिंडायचं? मला हे पटलं. पण राधेश्याम आमच्या मागोमाग आलाच होता, आणि नियमाच्या बाबतीत तो कुणाचं ऐकत नाही. तो म्हणाला, पूजा न करता नवं यंत्र कामाला लावता येत नाही. ठीक आहे, मग आधी पूजा करू. तर म्हणे पूजा झाली की त्याचा पोळा झाला, आणि पोळा झाला की आज काम नाही, घरापर्यंत चालवत नेणं हेही कामच. म्हणजे पूजेआधीही नाही आणि पूजेनंतरही नाही. मी विचारलं, हे कुठं लिहून ठेवलंय. तो म्हणाला, लिहायला कशाला लागतं, सरळच आहे. पुंजाराम घाबरून त्याच्याच बाजूला गेला. दुपार अशी गेली. माणसांनी ढकलायचं म्हणावं, तर सगळे नव्या कपड्यांत बांधावर उभे राहून सल्ले देत होते. या सगळ्या वेळात महेबूबभाई दर पंधरा मिनिटांनी इंजिन चालू करून जोर लावत होते, आणि दर वेळी ट्रक दोन बोटं खाली जात होता. मला मनापासून राग आला होता. ट्रकचा, राधेश्यामचा, आणि सगळ्यात जास्त महेबूबभाईंचा.

पाच वाजून गेले. दोनशे पावलांवर उषाबाईच्या चुलीचा धूर दिसत होता. म्हणजे तिनं पुरण घातलं होतं. महेबूबभाई त्या धुराकडं बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी पुंजारामला विचारलं, की तुझं दार कशाचं आहे.

लोखंडी, पुंजाराम म्हणाला. चौकटीसकट चार बोल्टांवर बसवलेलं.

"पाने माझ्याकडं हायेत," महेबूबभाई म्हणाले. "ट्रक दारात जात न्हाई, मंग दार ट्रकापाशी आणू. जल्दी चला, दिवस चाललाय."

मला वाटलं उन्हानं यांचं डोकं फिरलं. पण ढग होते, ऊन नव्हतं. आणि गंमत अशी, की सकाळपासून ट्रकला हात न लावणारे सगळे जण दार म्हटल्यावर झपाझप निघाले. पोळ्याला दार उचलायचं नाही असा नियम कुणालाच आठवेना, राधेश्यामलासुद्धा. महेबूबभाईंनी बोल्ट काढले. चौकट, पत्रा, कडी, वरचं आंब्याच्या पानांचं तोरण, सगळं जसंच्या तसं चौघांच्या खांद्यावर निघालं. उषाबाई चुलीपाशी बसली होती. आपल्या घराचं दार माणसं घेऊन चाललीत हे तिनं पाहिलं आणि पुंजारामला विचारलं, कुठं नेताय. त्यानं सांगितलं. तिनं पदराला हात पुसले आणि पूजेचं ताट उचललं.

ट्रकच्या नाकापुढं चार हात अंतरावर आम्ही दार उभं केलं. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला राधेश्याम, दोघंही पोटऱ्यांपर्यंत चिखलात. दार लावून घेतलं. पलीकडं उषाबाई ताट घेऊन उभी राहिली. महेबूबभाई ट्रकमध्ये चढले आणि त्यांनी हॉर्न वाजवला. ढगाआडचा सूर्य अजून बाभळीच्या वर होता.

उषाबाईनं आतून कडी काढली आणि दार उघडून बाहेर आली. दोन्ही बाजूंना मोकळं शेत, आणि ती उंबरा ओलांडून बाहेर आली. मला हसू फुटत होतं, पण तिचा चेहरा पाहून मी ते गिळलं. ट्रॅक्टर ट्रकवर इतका उंच होता की तिचा हात पोचणं शक्यच नव्हतं. दारात उभा होता तो ट्रक. तिनं त्याच्याच बंपरवर पाणी ओतलं, हळदकुंकू लावलं, दिवा ओवाळला. मग पोळी घेतली आणि हात पुढं केला. तो हात तसाच राहिला, कारण पोळी घ्यायला पुढं कुणीच येईना.

"आमचा हौशा खाताना हातावर श्वास सोडायचा," ती म्हणाली. "ऊन ऊन. आता कोण भरवत असंल त्याला, काय माहीत. हे बाई गार लोखंड हाय. ह्याला कसं भरवू मी?"

ती रडायला लागली. चैत्रापासून एकदाही न रडलेली बाई गावासमोर रडत होती, आणि पुंजाराम खाली मान घालून उभा होता.

महेबूबभाई खाली उतरले. त्यांनी खांद्यावरचा रुमाल घेऊन ट्रकच्या बॉनेटवरचा चिखल पुसला आणि तेवढी जागा स्वच्छ केली.

"गार न्हाई, वैनी," ते म्हणाले. "सकाळपासून जोर लावून राह्यलाय तो. हात ठिवा इथं."

उषाबाईनं ताट पुंजारामच्या हातात दिलं आणि तळहात बॉनेटवर ठेवला. आधी बिचकत नुसती बोटं, मग सगळा पंजा. तिनं डोळे मिटले. बॉनेट निवेपर्यंत तिनं हात काढला नाही, आणि तोवर आम्हीही दार धरून तिथंच उभे राहिलो.