चौथ्या डब्यातलं गोणपाट

दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसणारे लोक मी पुष्कळ पाहिले, पण नाकाच्या भरवशावर अख्खा जन्म काढलेला माणूस एकच, माझ्या बायकोचे मामा. लग्नासाठी मला बघायला आले तेव्हा पगार, शिक्षण काही न विचारता त्यांनी माझी छत्री हुंगली आणि "मुलगा छत्री वाळवून ठेवतो, हरकत नाही," असा निकाल दिला. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो की काच खाली करून ते त्या धुरातही जुन्या भातशेतीचा वास शोधायचे.

निवृत्तीनंतर त्यांनी एक खेळ काढला. डोळ्यांना पट्टी, समोर चार डबे. हुंगायचं, चाचपायचं आणि आज टॉवर आहेत तिथे पूर्वी काय होतं ते सांगायचं. कंपनीत माणसं तीन: मामा, मी आणि बायको. खाडीचा चिखल आणताना मी गुडघाभर रुतलो, तर काठावरून मामा म्हणाले, "जावईबापू, हलू नका, वास बिघडतो." पहिला खेळ बाळकुमला, त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ठरला आणि त्यासाठी त्यांनी टिटवाळ्याहून थोरल्या बहिणीला, म्हणजे माझ्या सासूबाईंना बोलावलं. सगळा खटाटोप कुणासाठी चालला होता ते मला तेव्हा कळलं. बाळकुमचं शेत मामांनी बिल्डरला दिलं आणि त्याच जागेवरच्या टॉवरमध्ये राहायला गेले, तेव्हापासून सासूबाईंनी तिथे पाऊल ठेवलं नव्हतं, की भावाशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. आताही आल्या त्या केवळ लेकीच्या आग्रहाखातर.

सासूबाईंच्या डोळ्यांना पट्टी बांधली. पहिल्या तीन डब्यांना त्यांनी नुसतं "माहीत नाही" म्हटलं. आता भिस्त चौथ्यावर होती. त्यात शेतावरचं जुनं गोणपाट होतं, चिखलाच्या आणि चुलीच्या धुराच्या वासाचं. मामांनी खात्री करायला डबा हुंगला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"याला गुलाबाचा वास येतोय," ते कुजबुजले.

"किती घाण झालेलं ते, मामा," बायको हळूच म्हणाली. "मी धुतलं. वरून ते वासाचं लिक्विडपण घातलं."

मामा डबा मागे ओढणार, तोवर सासूबाईंचा हात आत गेला होता. त्यांनी गोणपाट नाकाशी नेलं. "कुणाचं तरी धुणं आहे हे," त्या म्हणाल्या. मामांनी मान खाली घातली. मला त्यांच्याकडे बघवेना.

पण सासूबाईंनी ते खाली ठेवलं नाही. त्यांची बोटं कडेवरून फिरत कोपऱ्यातल्या जाड शिवणीवर थांबली.

"ही खोळ आहे," त्या म्हणाल्या. "पावसात शाळेत जाताना तुझ्या डोक्यावर घालायला मी शिवलेली. डोकं मोठं तुझं, म्हणून कोपरा उसवून परत शिवावा लागला."

मामांनी मान वर केली. "अक्का, वास गेला गं त्याचा."

"गेला तर गेला. जागा कुठली ते विचारतोयस ना? आपलं शेत."

बायको पट्टी सोडायला पुढे झाली तेव्हा सासूबाईंनी तिचा हात धरला. "थांब गं जरा. काढली की टॉवर दिसेल."

मामा शेजारच्या खुर्चीत बसले आणि त्यांनीही डोळे मिटून घेतले.